ज्याच्याभोवती काहीच नाही असा तारा

या अंकात लिहिण्याचा माझा अधिकार फारसा नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. खगोलाविषयी लिहावे ते ज्यांनी डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळांत हयात घालवली त्यांनी. मी वेधशाळेत एकदाही नोकरी केलेली नाही. दुर्बिणीला डोळा लावल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतल्या निम्म्या वेळी मला माझ्याच पापण्या दिसल्या. आयुष्याचा मोठा भाग इथे आखातातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात गेला. बरोबरीच्या शिक्षिका निवृत्तीनंतरच्या घरांचे आराखडे न्याहाळू लागल्या, त्या वयात मी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवले. म्हणजे या क्षेत्रात मी वयाने आजी आणि अनुभवाने बालवाडीत आहे. संपादकांना हे सारे कळवले, तर "मग तेच लिहा" एवढेच उत्तर आले. तेव्हा वाचकांनी कंटाळ्याचा निम्मा दोष त्यांच्या पदरात घालावा, ही विनंती.

माझे काम निरीक्षणांचे नियोजन. अवकाशात एक मोठी दुर्बीण आहे, ती साऱ्या जगाची सामाईक आहे. तिच्यावरचे काही तास मिळावेत म्हणून शास्त्रज्ञ अर्ज करतात आणि बहुतेकांना नकार येतो. ज्यांना होकार येतो त्यांना प्रत्येक मिनिटाचा आराखडा आधी द्यावा लागतो: कोणता तारा, कोणत्या आठवड्यात, दुर्बीण किती अंशांत वळवून, कोणत्या रंगाच्या काचेतून, किती वेळ. एकदा आराखडा गेला की खिडकीतून डोकावून "जरा डावीकडे घ्या हो" असे म्हणता येत नाही. हा आराखडा मी करते, बुसैतीनमधल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. तारा दुसऱ्याचा, प्रश्न दुसऱ्याचा, दुर्बीण सगळ्यांची. माझा म्हणाल तर तो टेबलाचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यावर वाटीत लोणचे असते.

शेजारीपाजारी हे काम समजावून सांगणे मी जवळपास सोडून दिले आहे. मी 'ताऱ्यांचे काही तरी' करते एवढे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याचा उपयोग दर महिन्याला एकदा होतो. संकष्टीला. इकडच्या बहुतेक मराठी घरांत भिंतीवर जी दिनदर्शिका असते, तिच्यात चंद्रोदयाची वेळ मुंबईची छापलेली असते. काही जणी ती जशीच्या तशी धरतात. तोवर इथला चंद्र सुमारे तासभर आधीच वर येऊन बसलेला असतो आणि त्या बिचाऱ्या उगाच उपाशी राहतात. काही जणी अधिक हुशार. त्या घड्याळातल्या फरकाचे अडीच तास वजा करतात आणि चंद्राचा पत्ता नसताना गच्चीवर आरतीचे ताट घेऊन उभ्या राहतात. मग फोन मला येतो. मी दर महिन्याची वेळ काढून आगाऊ पाठवते, तरी येतो.

"बाई, तुम्ही सांगितलेली वेळ झाली, चंद्र खंय?" खालच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी विचारतात. त्या मालवणकडच्या, त्यांचे यजमान एसी दुरुस्तीच्या कामात. माझे विद्यार्थी मोठे होऊन पांगले, पण 'बाई' ही हाक वहिनींकडे राहिली आहे.

"वहिनी, समोर नवीन इमारत झालीय ना? तिच्या मागे आहे."

"मगे इमारतीचा हिशोब धरला नाही तुम्ही?"

"नाही धरला."

"मगे कसली ती दुर्बीण!"

इमारतीचा हिशोब मी धरला नव्हता हे खरेच आहे.

आता मूळ विषय. काही ताऱ्यांभोवती धूळ आणि दगडगोटे यांची विस्तीर्ण तबकडी फिरत असते. आपले ग्रह अशाच तबकडीतून घडले असे मानतात, म्हणून तिचे चित्र घेण्याची सर्वांना ओढ. अडचण एवढीच, की तारा त्या धुळीपेक्षा कित्येक पटींनी झगझगीत असतो आणि त्याच्या उजेडात धूळ बुडून जाते. म्हणून करोनाग्राफ वापरतात. नाव भारदस्त असले तरी काम साधे: ताऱ्याच्या प्रतिमेवर बरोबर बसेल असे इवलेसे झाकण ठेवायचे, म्हणजे शेजारचे अंधूक ते दिसू लागते. परंतु झाकण ठेवले तरी उजेड कडेने सांडतोच, आणि तो सांडलेला उजेड मोठा लबाड असतो. त्याचे ठिपके होतात, रेघा होतात, कमानी होतात, आणि धुळीच्या तबकडीत नेमके तेच शोधायचे असते.

हे मी माझ्या यजमानांना, श्रीरंगना, अनेकदा समजावून पाहिले. ते स्थापत्य अभियंते आहेत, बुद्धीने तल्लख आहेत, पण बायकोने शिकवायला घेतले की त्यांचे लक्ष घड्याळाकडे जाते. शेवटी एका संध्याकाळी सीफ भागातून घरी परतताना सिग्नलला गाडी थांबली आणि मला संधी सापडली. इथे काचेवर सतत बारीक वाळू बसते, आपण ती कोरडीच वायपरने पुसतो, आणि वर्षभरात काचेवर वायपरच्या फेऱ्यासारखे बारीक ओरखडे उठतात. एरवी ते दिसत नाहीत. समोर, चौकाच्या पलीकडे, एक गाडी प्रखर दिवे लावून उभी होती.

"अहो, हाताने तो दिवा झाका."

"मी गाडी चालवतोय."

"सिग्नल लाल आहे. झाका."

त्यांनी तळवा धरला.

"दिव्याच्या बाजूला काय दिसतं?"

"उजेडाची कमान दिसते."

"ती त्या गाडीपाशी आहे का आपल्या काचेवर?"

"मला काय माहीत?"

"मग आता शेजारच्या दुसऱ्या गाडीचा दिवा झाकून बघा."

"तिच्याभोवतीही तीच कमान."

"म्हणजे काय सिद्ध झालं?"

"म्हणजे काच बदलायला हवी," श्रीरंग म्हणाले, आणि तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.

काच बदलण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तर आमचा सारा धंदा त्या चौकात येऊन गेला. आपल्या ताऱ्याचे चित्र घेतल्यावर लगोलग दुसऱ्या एका ताऱ्याचे तसेच चित्र घ्यायचे आणि पहिल्यातून वजा करायचे. जे दोन्हींत आहे ते काचेचे. वजाबाकीनंतर जे उरते ते आकाशातले. या दुसऱ्याला संदर्भतारा म्हणतात. तो पहिल्याच्याच रंगाचा आणि तेजाचा हवा, कारण दिवा वेगळा तर ओरखडाही वेगळा चमकतो. आकाशात जवळचा हवा, कारण दुर्बीण दूर वळवली की तिच्यावरचे ऊन बदलते, तिचे भाग किंचित तापतात किंवा निवतात, आणि काच पूर्वीची राहत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच्याभोवती काहीही नको. जोडीदार तारा नको, तबकडी नको, मागे आकाशगंगा नको. त्याच्याकडे जे असेल तेही वजाबाकीत उतरते आणि आपल्या चित्रात खोटा खड्डा पाडते. थोडक्यात, पगार घेऊन मी जे शोधते ते म्हणजे ज्याच्याभोवती काहीच नाही असा तारा.

ज्यांच्यासाठी मी हे करते त्या इंग्रिड. उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठात प्राध्यापिका, निवृत्तीला टेकलेल्या. आम्ही इंग्रजीत बोलतो आणि त्या मला नावाने हाक मारतात. मीही तसेच करते, पण मनात त्यांना बाईच म्हणते. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका जुन्या दुर्बिणीच्या चित्रात, एका ताऱ्याच्या तबकडीच्या आतल्या बाजूला त्यांना एक फिकट कमान दिसली होती. ती कमान म्हणजे आत लपलेल्या ग्रहाने धुळीला लावलेले वळण, असे त्यांनी मांडले. निम्म्या लोकांनी मानले, निम्म्यांनी "काचेवरचा ओरखडा" म्हणून हसण्यावारी नेले. तेव्हापासून परिषदांमध्ये त्यांची ओळख 'कमानवाल्या बाई' अशीच झाली; काही जण ती आदराने करून देत, काही जण नाही. इतक्या वर्षांनी नव्या दुर्बिणीवरचे तास त्यांना मंजूर झाले. कमान खरी की खोटी, याचा निकाल या एका निरीक्षणात लागायचा होता, आणि पुन्हा तास मिळेपर्यंत त्या पदावर राहणार नव्हत्या.

त्यांच्या संशोधनगटाची बैठक शुक्रवारी, संगणकाच्या पडद्यावर. त्यांची ती कामाची सकाळ. आमची सुट्टी आणि ऐन जेवणाची वेळ. इथल्या मराठी मंडळींचे हळदीकुंकू, वाढदिवस, गणपतीची आवर्तने, सर्व शुक्रवारीच असते, आणि त्या सर्वांना मी उशिरा पोहोचणारी म्हणून प्रसिद्ध आहे. उलट रविवारी मी कामाला बसते तेव्हा युरोपात कोणी उत्तर देत नाही. आठवड्याचे दोन्ही तुकडे माझ्या विरोधात आहेत.

अशाच एका शुक्रवारी तोमास या सहकाऱ्याने प्रस्ताव मांडला, की संदर्भताऱ्यावर तास कशाला घालवायचे. हा तोमास मोठा हुशार, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा, आणि त्याला शंका नावाचा आजार नाही. संग्रहात इतर ताऱ्यांची शेकड्याने जुनी चित्रे पडली आहेत, त्यांतून गणिताने ओरखडे काढू, आणि वाचलेल्या वेळात इंग्रिडच्या ताऱ्याकडेच दुप्पट वेळ पाहू, असे त्याचे म्हणणे. इंग्रिड विचारात पडल्या. दुप्पट वेळ कोणाला नको असतो?

मी लेखी निरोपाच्या चौकटीत माझी हरकत टंकली. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. पुन्हा टंकली. श्रीरंग आमटीची वाटी घेऊन मागून जाता जाता पडद्याकडे वाकले.

"अगं, हे काय लिहीत बसलीस? बोल ना."

"ते बोलतायत अजून."

"ते गेले कित्येक शुक्रवार बोलतायत."

मग मी बोलले. माझी सुरुवात नेहमी "मला वाटतं, कदाचित" अशी होते.

"कदाचित काय?" इंग्रिडनी विचारले. त्या उद्धट नाहीत. त्यांना शब्दांचा अपव्यय सोसत नाही एवढेच.

"तुमच्यावर आक्षेपच असा आहे, की कमान काचेची आहे. जुन्या चित्रांत काच त्या दिवशीची नसते. त्याच वेळी पाहिलेला दुसरा तारा नसेल, तर कमान दिसली तरी कोणी मानणार नाही आणि नाही दिसली तरी कोणी मानणार नाही. दुप्पट वेळ पाहून दुप्पट भांडण मिळेल."

मला वाटले, माझी नोकरी गेली.

"तारा कोण शोधणार?" इंग्रिड म्हणाल्या.

"मी," मी म्हणाले. आमटी निवली होती, पण मला ती त्या दिवशी फार चांगली लागली.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला श्रीरंगनी 'स्थळे पाहणे' हे नाव दिले, आणि दुर्दैवाने ते चपखल होते. एक तारा सर्व बाबतींत जुळला, पण अधिक तांबूस निघाला. दुसऱ्याचा रंग अचूक, तेज अचूक, आणि शेजारी एक मिणमिणता जोडीदार. तिसऱ्याभोवती स्वतःचीच तबकडी. ("त्याचं आधीच घर आहे," श्रीरंग.) चौथा देखणा, पण आकाशाच्या दुसऱ्या टोकाला. ("परदेशातलं स्थळ नको.") तोमास दर दोन दिवसांनी उत्साहाने नवे नाव पाठवी, आणि ते नेहमी एखाद्या गाजलेल्या ताऱ्याचे असे, ज्यावर पुष्कळ शोधनिबंध आहेत. त्याला मी लिहिले, "ज्यावर निबंध आहेत तो आपल्याला चालणार नाही. निबंध आहेत म्हणजे त्याच्याजवळ काही तरी आहे." त्याने हसरा चेहरा पाठवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गाजलेला तारा.

अखेरीस एक सापडला. त्याला नाव नाही, सूचीतला क्रमांक आहे. त्याच्याविषयी कोणी कधी अवाक्षर लिहिलेले नाही. पण एवढ्याने भागत नाही: कोणी लिहिले नाही ते त्यात काही नाही म्हणून, की कोणी पाहिलेच नाही म्हणून? मी मिळतील त्या सर्व पाहण्यांमधल्या नोंदी तपासू लागले. तो डुलतो का, म्हणजे अदृश्य जोडीदार त्याला ओढतो का. उष्णतेच्या किरणांत तो असावा त्याहून अधिक उजळ आहे का, म्हणजे धूळ आहे का. सर्व उत्तरे 'नाही'. अशी 'नाही' गोळा करत मी दिवसच्या दिवस बसले होते, तेव्हा सावंतवहिनी घावन घेऊन आल्या.

"बाई, डोळे बघा कसे लाल झालेत. काय बघताय एवढा?"

"एक तारा."

"काय असा त्यात?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही ना, हेच बघतेय."

"इतके दिवस?"

"हो."

वहिनींनी घावनांची बशी माझ्या हाताजवळ सरकवली. "खा आधी," त्या म्हणाल्या, आणि जाताना श्रीरंगना दारात काही तरी हळू आवाजात विचारून गेल्या. काय विचारले ते श्रीरंगनी मला अद्याप सांगितलेले नाही.

तारा ठरला, आणि आराखडा पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात कोनाचा घोळ उघडकीस आला. झाकणाला धरून ठेवणाऱ्या दांड्या असतात आणि त्यांच्यामागचे आकाश दिसत नाही. म्हणून दुर्बीण अशी वळवायची, की कमान दांडीमागे जाणार नाही. दुर्बिणीला मात्र सदैव सूर्याकडे पाठ ठेवावी लागत असल्याने मान तिरपी करण्याची मुभा थोडीच. हवा तो कोन वर्षातल्या काही आठवड्यांतच मिळतो. हा कोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजायचा असतो, आणि आकाशाच्या चित्रात पूर्व डावीकडे येते, कारण आपण नकाशावर वाकून पाहत नसतो, मान वर करून पाहत असतो. तोमासने कमानीचा कोन दिला होता तो उत्तरेपासून नव्हे, त्याच्या चित्राच्या वरच्या कडेपासून. त्या चित्राची वरची कड म्हणजे उत्तर नव्हती. त्या आकड्यानुसार दांडी बरोबर कमानीवर येऊन बसत होती.

"सगळे असंच मोजतात," तोमास म्हणाला.

"सगळे कोण?"

"म्हणजे... आमच्याकडे मी."

इंग्रिडनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या वेळी त्यांना काय वाटले असेल ते मला पुरते कळले. नववीच्या उत्तरपत्रिका तपासताना मला तसेच वाटत असे. कोन बदलला, त्याबरोबर आठवडे बदलले, आठवड्यांबरोबर संदर्भताऱ्याची सोय बदलली, आणि मी सारे पुन्हा पहिल्यापासून मांडले. चित्र दोनदा घ्यायचे ठरवले, दुसऱ्यांदा दुर्बीण किंचित वळवून, म्हणजे एकदा दांडीमागे गेलेले आकाश दुसऱ्या खेपेस उघडे पडेल.

प्रत्यक्ष निरीक्षण झाले तेव्हा काहीही झाले नाही. हे मी नव्याने येणाऱ्यांना मुद्दाम सांगते. कोणी श्वास रोखून बसत नाही. दुर्बीण तिच्या वेळापत्रकाने वळते, पाहते, पुढच्या कामाला लागते. मी तेव्हा मनामाच्या बाजारात मेथी निवडून घेत होते.

चित्रे उतरली आणि पहिला अर्धा दिवस इंग्रिड फार आनंदात होत्या. वजाबाकीपूर्वीच्या कच्च्या चित्रात, त्या सांडलेल्या उजेडाच्या गर्दीत, त्यांना कमान दिसत होती. "ही बघ! इथे!" त्या पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. तोमासला दिसली. खरे सांगायचे तर मलाही दिसली. माणसाच्या डोळ्याला दिसायचे ठरवले की दिसते.

मग वजाबाकी केली. माझ्या त्या बिननावाच्या ताऱ्याने आपले काम इतके चोख केले, की तसे स्वच्छ चित्र गटात कोणी पाहिले नव्हते. तबकडीचे बाहेरचे कडे सुरीने कापल्यासारखे रेखीव आले. त्याच्या आत, जिथे कमान असायला हवी होती तिथे, सपाट काळोख. दोन्ही कोनांच्या चित्रांत तोच काळोख. तोमासने तीन वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहिले, आणि तिसऱ्यांदा करताना तो मुळीच हुशारी दाखवत नव्हता.

"म्हणजे कमान खलास?" श्रीरंगनी विचारले.

"कमान नव्हतीच, असं दिसतंय."

"आणि हे तुझ्या ताऱ्यामुळे कळलं?"

"हो."

"मग अभिनंदन करू की नको?"

मला राग आला, त्यांचा नव्हे. माणसाने एवढी मेहनत करावी, एवढे भांडावे, आणि मेहनत सफल झाली म्हणून तोंड लपवत फिरावे, हा कोणता न्याय? नियोजन फसले असते तर दोष देता आला असता, हळहळता आले असते, पुन्हा अर्ज करता आला असता. ते फसले नाही. गेले काही शुक्रवार इंग्रिड बैठकीला आल्या नाहीत, आणि मी प्रथमच वेळेवर जेवले.

परवा, मंगळवारी दुपारी, त्यांनी मला एकटीला फोन केला.

"कोन बरोबर होता?" त्यांनी विचारले.

"बरोबर होता."

"दांडीमागे गेली असेल?"

"दोन्ही खेपेस जाऊ शकत नाही."

"मग तुझा तारा. त्याच्याभोवती काहीच नाही, हे तू सिद्ध करू शकतेस?"

इथे शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. एखाद्या ताऱ्याभोवती काही आहे हे सिद्ध करता येते. काहीच नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. नेमकी त्याच जागी, नेमकी त्याच आकाराची धूळ माझ्या ताऱ्याभोवती असेल, तर तिने कमान वजा करून टाकली असेल. असे असण्याची शक्यता इतकी थोडी आहे, की एखाद्या विद्यार्थ्याने ती मांडली असती तर मी त्याला खाली बसवले असते.

"त्या ताऱ्यासाठी माझ्याशी भांडलीस ना?" इंग्रिड म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "आता मला दुसरा शोधून दे. मी पुन्हा अर्ज करते. मला मिळाले नाहीत तर तास तोमासच्या नावावर मिळतील. मी तिथे नसेन, पण चित्र पाहायला तर असेन."

"थोडे दिवस द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अर्जाची मुदत जवळ आली आहे. श्रीरंग म्हणतात, "शोध की. तुझं कामच आहे ते. तारे काय, हवे तेवढे आहेत." पण दुसरा तारा शोधून देणे म्हणजे पहिल्यावर शंका आहे असे माझ्या सहीने कबूल करणे, आणि मला ती शंका नाही. वर ते तास दुसऱ्या कोणाच्या तरी ताऱ्यावरून काढून घेतले जातील. त्याही अर्जामागे कोणी तरी पुष्कळ वर्षे थांबलेले असेल. शोधून दिला नाही, तर मी एका वृद्ध संशोधिकेला रीतसर पडताळणी नाकारली असे होते, तेही स्वतःच्या निवडीच्या अभिमानापायी, असे तोमास म्हणेल, आणि त्याचे म्हणणे चूक ठरवणे मला जमणार नाही. एक तारा मनात आहे. रंग जुळतो, तेज जुळते, जवळ आहे. त्याच्याभोवतीही बहुधा काही नाही. त्याचा क्रमांक मी अजून कोणाला कळवलेला नाही.

आपल्या मनाला विचारा, असे कृपा करून कोणी सांगू नये. मनाला विचारून झाले आहे; ते दर दिवशी वेगळे उत्तर देते. माझ्यापेक्षा अधिक वर्षे काम केलेले, अधिक माणसे पाहिलेले अनेक जण हा अंक वाचत असतील, म्हणून त्यांनाच विचारते: माझ्या जागी तुम्ही असता, तर इंग्रिडना तो दुसरा तारा दिला असता का?